गाभारा नसलेलं चर्च : तोर्गाऊच्या किल्ल्यात १५४४ साली काय घडलं?

जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती. आसामच्या मोईदाम दफनभूमीचं नाव यादीत गेलं म्हणून आपल्याकडे त्या बैठकीच्या बातम्या झाल्या. त्याच बैठकीत उत्तर जर्मनीतल्या श्वेरिनच्या राजवाड्याचा परिसरही यादीत आला. पुढच्या वर्षी आपले मराठा किल्ले यादीत आले, तेव्हा त्याच बैठकीत बव्हेरियाच्या राजा लुडविगचे राजवाडेही होते. त्यामुळे जर्मन किल्ल्यांचे फोटो मराठी वाचकांच्या नजरेखालून बरेच गेले.

श्वेरिनच्या राजवाड्याच्या पोटात १५६३ साली पुरं झालेलं एक चर्च आहे. फोटो पाहणारा गोंधळतो, कारण चर्च म्हटल्यावर डोळ्यासमोर येणाऱ्या खुणा इथे नेमक्या जागी सापडत नाहीत. लांबट आयताकृती दालन, भिंतींना लागून गॅलऱ्या, आणि जिथून प्रवचन द्यायचं ती जागा एका बाजूच्या भिंतीला. ही मांडणी श्वेरिनची स्वतःची नाही. तिचा नमुना सॅक्सनीतल्या तोर्गाऊ गावात, एल्बे नदीकाठच्या हार्टनफेल्स किल्ल्यात आहे. युरोपातल्या रिनेसान्स काळातल्या (म्हणजे ढोबळमानाने पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या) किल्ल्यांमधली चर्चं समजून घ्यायची असतील, तर सुरुवात तोर्गाऊपासून करणं सर्वांत सोपं. हे चर्च लहान आहे आणि त्यातला प्रत्येक भाग काही कारणाने तिथे आहे.

## आधी एक घोटाळा दूर करू

'किल्ल्यातलं चर्च' आणि 'मार्टिन ल्यूथर' (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, ज्याच्या चळवळीतून प्रोटेस्टंट पंथ निघाला) हे शब्द एकत्र आले की बहुतेकांना जर्मनीतलं विटेनबर्ग आठवतं. पोपच्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे मांडले आणि ते तिथल्या किल्ल्याच्या चर्चच्या दारावर लावले, अशी परंपरा सांगते. ते चर्च वेगळं. ते ल्यूथरच्या चळवळीआधी, कॅथलिक राजाने, संतांच्या अवशेषांचा मोठा संग्रह ठेवण्यासाठी बांधलेलं होतं. शिवाय आज विटेनबर्गला जे दिसतं त्यातलं पुष्कळसं एकोणिसाव्या शतकातलं आहे. १७६० मध्ये सात वर्षांच्या युद्धात चर्च जळलं, त्यात ते लाकडी दारही गेलं. आजची काशाची दारं १८५८ ची आणि आतली सजावट १८८५ ते १८९२ मधली. ल्यूथरची कबर मात्र तिथेच आहे.

तोर्गाऊचं चर्च याच्या उलट. नव्या पंथाने, नव्या उपासनेसाठी, पायापासून बांधलेलं. त्याचं अर्पण, म्हणजे उपासनेसाठी ते खुलं करण्याचा विधी, स्वतः ल्यूथरने केलं. त्याने काय मागितलं आणि गवंड्यांनी काय दिलं, हे इथे दगडात वाचता येतं.

## जुनी मांडणी कशी होती?

ल्यूथरच्या आधीच्या चर्चची रचना समजायला आपल्या देवळाची आठवण उपयोगी पडते. देवळात गाभारा आणि सभामंडप वेगळे असतात. गाभाऱ्यात पुजारी, सभामंडपात लोक, मध्ये उंबरठा. मध्ययुगीन चर्चमध्येही पूर्वेच्या टोकाला वेदीचा भाग असे आणि बऱ्याच ठिकाणी तो दगडी किंवा लाकडी पडद्याने लोकांपासून तोडलेला असे. वेदीपाशी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा मुख्य उपासनाविधी, करी. बाकीच्यांनी दुरून पाहायचं, गुडघे टेकायचे. बाजूच्या भिंतींना वेगवेगळ्या संतांच्या छोट्या वेद्या असत आणि एकाच वेळी दोन-तीन मिस्सा चालत.

ल्यूथरचा आक्षेप या रचनेच्या मुळाशी होता. धर्मगुरू हा देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ नाही, प्रत्येक बाप्तिस्मा झालेला माणूस देवापुढे सारखाच उभा आहे, आणि उपासनेचा गाभा म्हणजे लोकांच्या भाषेत ऐकू येणारा पवित्र शास्त्राचा शब्द, असं तो म्हणत होता. १५२६ मध्ये त्याने जर्मन भाषेतल्या उपासनेची जी मांडणी छापली, तीत त्याने स्पष्ट लिहिलं की खऱ्या ख्रिस्ती लोकांच्या मेळ्यात वेदी आहे तशी राहू नये, धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावं, कारण शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्तानेही तसंच केलं असणार.

मग गाभाऱ्याची गरजच उरत नाही. उरतो सभामंडप, आणि त्यात कीर्तनकार कुठे उभा करायचा हा प्रश्न. तोर्गाऊ हे त्या प्रश्नाचं दगडातलं उत्तर आहे.

## कुणी बांधलं?

राजा होता सॅक्सनीचा इलेक्टर योहान फ्रीडरिश. इलेक्टर म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या सात सत्ताधीशांपैकी एक. तोर्गाऊ ही त्याची आवडती राजधानी. किल्ल्याच्या चौकात कोनराड क्रेब्सने १५३० च्या दशकात उभारलेला मोठा वळणाचा जिना आजही लोक मान वर करून पाहतात. गोल फिरत जाणाऱ्या त्या जिन्याला मधला खांबच नाही. क्रेब्स १५४० मध्ये वारला. पुढचं काम निकेल ग्रोमानकडे आलं. १५४३-४४ मध्ये त्याने किल्ल्याच्या एका बाजूच्या इमारतीत हे चर्च बसवलं.

'बसवलं' हाच शब्द बरोबर आहे. चौकात उभं राहिलं तर चर्चची वेगळी इमारत दिसत नाही. राहत्या महालांची रांग सरळ पुढे जाते आणि त्या रांगेत एक कोरीव दार येतं. दाराभोवतीच्या पानाफुलांच्या नक्षीत देवदूत आहेत. त्यांच्या हातात ख्रिस्ताच्या छळाची साधनं आहेत: क्रूस, खिळे, काट्यांचा मुकुट. आत काय आहे हे बाहेरून सांगणारं मुख्य चिन्ह हे दारच.

## आत गेल्यावर काय कुठे आहे

आत एक आयताकृती दालन आहे. लांबी पंचवीस मीटरच्या आत, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेदीसाठी वेगळा, पुढे काढलेला भाग नाही. चारही बाजूंना दोन मजली दगडी गॅलऱ्या फिरतात. डोक्यावर जाळीसारख्या फासळ्यांचं कमानी छत.

अरुंद बाजूला वेदी. ती एक टेबल आहे: सपाट दगडी फळी, चार देवदूतांनी तोललेली. ती भिंतीपासून सुटी असल्यामुळे धर्मगुरूला तिच्या मागे उभं राहून लोकांकडे पाहता येतं. १५२६ मध्ये कागदावर लिहिलेली गोष्ट १५४४ मध्ये प्रत्यक्षात आली. वेदीच्या वर, गॅलरीत, ऑर्गनची जागा. संतांच्या बाजूच्या वेद्या एकही नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रवचनपीठ. ते लांब भिंतीच्या मधोमध आहे, खालच्या माणसालाही आणि वरच्या गॅलरीतल्यालाही दिसेल अशा उंचीवर. त्याच्या बाहेरच्या बाजूवर शिल्पकार सिमॉन श्रोटरने तीन प्रसंग कोरले आणि ते रंगवले गेले. एकात बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांशी बोलतो आहे. दुसऱ्यात व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या बाईला तो दोषी ठरवत नाही. तिसऱ्यात तो मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलतो आहे. ही निवड विचार करून केलेली आहे. पहिल्या प्रसंगात शास्त्राचा अर्थ, दुसऱ्यात देवाची कृपा, तिसऱ्यात देवाच्या घरातला बाजार. त्या काळच्या ऐकणाऱ्याला तिसरा प्रसंग पाहताच पापमुक्तिपत्रांची विक्री आठवली असणार. प्रवचन देणारा बोलतो तेव्हा त्याच्या पोटाच्या उंचीवर या नव्या शिकवणीचा सारांशच समोर असतो.

## पुश्ते भिंतीच्या आत का घेतले?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो समजला की गॅलऱ्यांचं कोडं सुटतं.

दगडी कमानी छत नुसतं खाली वजन टाकत नाही, ते भिंतींना बाहेर ढकलतं. कमान जितकी पसरट, तितका हा बाहेरचा रेटा जास्त. भिंत तो पेलू शकली नाही तर ती वरच्या बाजूने बाहेर कलते, कमानीचा माथा बसतो आणि छताच्या मधोमध लांबीच्या दिशेने भेग पडते. जुन्या इमारतींत अशी भेग दिसली की दुखणं बहुतेक वेळा भिंतीत असतं, छतात नसतं.

यावर गॉथिक (म्हणजे मध्ययुगातल्या, टोकदार कमानींच्या शैलीतल्या) चर्चमधला नेहमीचा उपाय म्हणजे पुश्ते, भिंतीला ठरावीक अंतरावर बाहेरून दिलेले जाड आधार. पण किल्ल्यात बाहेर एकीकडे चौक असतो, दुसरीकडे खंदक. महालांच्या सरळ रांगेत मध्येच दगडी ढोपरं पुढे आली तर चौकाचा वापर बिघडतो. म्हणून पुश्ते आत ओढले. ते भिंतीला काटकोनात, दालनाच्या आत शिरलेल्या जाड खांबांसारखे उभे राहतात. रेटा तितकाच पेलला जातो, कारण भिंतीची खोली वाढली की झालं. ती बाहेर वाढली की आत, याने छताला फरक पडत नाही.

आता दोन पुश्त्यांच्या मध्ये आपोआप एक कोनाडा तयार होतो. त्यावर कमान टाकली की तिच्यावर उभं राहायला जागा झाली. सगळ्या कोनाड्यांवर टाकली आणि पुश्त्यांना आरपार वाट ठेवली की सलग गॅलरी झाली. तिच्यावर पुन्हा कमानी टाकल्या की दुसरा मजला. छताला आधार देण्यासाठी जो दगड लागणारच होता, त्याच्याच पोटातून माणसं बसवण्याची जागा निघाली. या कमानी पुश्त्यांना एकमेकांशी बांधूनही ठेवतात, त्यामुळे एकटा पुश्ता आजूबाजूला झुकण्याची भीती कमी होते.

छत बांधण्याचा क्रम असा असे. आधी लाकडी सेंटरिंग, त्यावर घडवलेल्या दगडी फासळ्या, फासळ्या जिथे मिळतात तिथे गाठीचा दगड, मग फासळ्यांमधल्या खणांचं भरकाम. चुन्याचा गारा सावकाश घट्ट होतो. सेंटरिंग घाईने काढलं तर सांधे दबतात आणि छताचा आकारच बदलतो. उशिरा काढलं तर पुढच्या खणासाठी लाकूड मोकळं होत नाही आणि काम अडतं. कुशल मिस्त्रीचं अर्धं कसब ही वेळ ओळखण्यात असे.

## ऐकू येण्याचं गणित

शब्द मध्यवर्ती ठरला की इमारतीला नवी परीक्षा द्यावी लागते: शेवटच्या माणसाला प्रत्येक वाक्य कळतं का?

समजा दालन २४ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद आहे. बोलणारा अरुंद बाजूच्या मधोमध उभा राहिला, तर सर्वांत दूरचा कोपरा त्याच्यापासून साधारण साडेचोवीस मीटरवर येतो. तोच माणूस लांब भिंतीच्या मधोमध उभा राहिला, तर दूरचे कोपरे सोळा-सव्वासोळा मीटरवर येतात. एकही वीट न हलवता, फक्त जागा बदलून, अंतर एक तृतीयांशाने कमी झालं. माईक नसलेल्या काळात हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनीची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंतीवर आपटून येणारा आवाज मूळ आवाजानंतर साधारण एक विसांश सेकंदाच्या आत पोचला, तर कान दोन्ही एकत्र धरतो आणि शब्द उलट ठसठशीत वाटतो. एवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. म्हणजे आपटून येणाऱ्या आवाजाची वाट सरळ वाटेपेक्षा १७ मीटरहून जास्त लांब नसावी. तोर्गाऊसारख्या अरुंद दालनात बाजूच्या भिंतींवरून येणारा पहिला आवाज बहुतेकांसाठी या मर्यादेत बसतो. मोठ्या कॅथीड्रलमध्ये तो बसत नाही, शिवाय आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. संथ लॅटिन गायनाला ती घुमणी शोभते, पण रोजच्या बोलीतलं वाक्य तिच्यात विरघळून जातं.

तिसरा भाग गॅलऱ्यांचा. गुळगुळीत, सलग दगडी भिंत आवाज जोरात परतवते. कोनाडे, कठडे, खांब यांनी फोडलेली भिंत तो विखरून टाकते आणि गॅलरीत दाटीवाटीने बसलेली, जाड लोकरी कपड्यांतली माणसं तो शोषून घेतात. ग्रोमानने हे आकडे मांडले नव्हते हे उघड आहे. पण कुठे बोललं तर कुठे ऐकू येतं, हे गवंड्यांना आणि प्रवचनकारांना अनुभवाने चांगलं माहीत होतं.

## ५ ऑक्टोबर १५४४

त्या दिवशी साठ वर्षांचा ल्यूथर याच प्रवचनपीठावर चढला. कॅथलिक रीतीत नव्या चर्चला बिशप पवित्र करी: पवित्र तेल, धूप, पाण्याचं शिंपण. ल्यूथरने यातलं काही केलं नाही. या घरात आपला प्रभू त्याच्या शब्दातून आपल्याशी बोलेल आणि आपण प्रार्थनेने व स्तुतीने त्याला उत्तर देऊ, याशिवाय दुसरं काही इथे होऊ नये, असं तो म्हणाला. चर्चवास्तूबद्दल ल्यूथरने काढलेले हे सर्वांत प्रसिद्ध शब्द. अर्पणात त्याने जमलेल्या सगळ्यांनाच सामील करून घेतलं. शिंपणाची कुंचली आणि धूपपात्र तुम्हीही हातात धरा, अशा अर्थाचं तो बोलला. म्हणजे तुमची प्रार्थना हेच शिंपण, तोच धूप.

प्रवचनासाठी घेतलेला भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला होता. त्यात येशू शब्बाथाच्या, म्हणजे काम निषिद्ध असलेल्या, दिवशी जलोदर झालेल्या माणसाला बरं करतो. नियम माणसासाठी आहे, माणूस नियमासाठी नाही, हा त्यातला धागा ल्यूथरने इमारतीलाही लावला.

संगीत होतं तोर्गाऊच्या योहान वाल्टरचं. त्याने ११९ व्या स्तोत्रावर सात आवाजांची रचना केली होती. काही आवाज स्तोत्र गात असताना एक आवाज इलेक्टरचा जयजयकार करत होता आणि दुसरा ल्यूथर व त्याचा सहकारी मेलांक्थॉन यांचा. मला या चर्चमधली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. देवाचा शब्द, राज्यकर्ता आणि विद्वान एकाच रचनेत गुंफले होते, आणि त्या काळची सत्ता अशीच गुंफलेली होती. पुढच्या वर्षी, १५४५ मध्ये, ओतीव धातूची अर्पणपट्टिका लावली गेली. तिच्यावर इलेक्टर आणि ल्यूथर दोघांच्याही प्रतिमा आहेत.

## 'इमारत पवित्र नाही, तर एवढा खर्च कशाला?'

हा प्रश्न तेव्हाही होता आणि ल्यूथरने त्याच प्रवचनात त्याचं उत्तर दिलं. या जागेत स्वतःची अशी काही विशेष पवित्रता नाही, गरज पडली तर बाहेर विहिरीपाशी किंवा आणखी कुठेही प्रवचन करता येईल. पण लोकांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, गडबड न होता एकत्र यावं यासाठी घर लागतं. इमारतीची किंमत तिच्या उपयोगावर ठरते, हा विचार इतक्या स्पष्ट शब्दांत आणि इतक्या सुंदर इमारतीत मांडला गेला हे विशेष आहे.

## 'सगळे समान म्हणता, मग गॅलऱ्या कशाला?'

हा आक्षेप रास्त आहे. अशा दरबारी चर्चमध्ये कोण कुठे बसेल हे पदावर ठरत असे. राज्यकर्त्याची बैठक सहसा पहिल्या गॅलरीत, वेदीच्या समोर असे आणि तिला त्याच्या महालातून थेट वाट असे. दरबारी आजूबाजूला, नोकरचाकर खाली किंवा वर. सगळ्यांनी एकच प्रवचन ऐकलं, वेदीवरच्या एकाच प्रभूभोजनात (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत) भाग घेतला, पण आपापल्या पायरीवरून. धार्मिक समानता सामाजिक समानतेत उतरली नाही, आणि दगडाने ते लपवलंही नाही.

उलट राज्यकर्त्याचं वजन वाढलं. बिशपचा अधिकार गेल्यावर प्रांतातल्या चर्चची व्यवस्था राजाच्या हाती आली, आणि १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहाने राज्यकर्त्याचा पंथ तोच त्याच्या प्रांताचा पंथ हे मान्य केलं. म्हणून किल्ल्यातलं छोटं खासगी चर्च सबंध प्रांतासाठी नमुना ठरलं.

## 'यात रिनेसान्स कुठे आहे? छत तर गॉथिक आहे'

खरं आहे. जाळीदार फासळ्यांचं छत ही जर्मन गॉथिक गवंड्यांची परंपरा आहे. रिनेसान्स म्हणजे प्राचीन रोमच्या प्रमाणबद्ध, अर्धगोल कमानींच्या शैलीकडे वळलेली कला. आल्प्सच्या उत्तरेला ती आधी नक्षीतून आली, सांगाडा नंतर बदलला. तोर्गाऊत गॅलऱ्यांच्या कमानी, दाराची सजावट, शिल्पांतली माणसं नव्या वळणाची आहेत, आणि डोक्यावरचं तंत्र वडिलांकडून शिकलेलं. ज्या मिस्त्रीला जाळीचं छत पडणार नाही याची खात्री आहे, तो राजाच्या डोक्यावर प्रयोग करत नाही.

## 'पहिलं प्रोटेस्टंट चर्च' हे कितपत खरं?

तोर्गाऊची ही ओळख सगळीकडे छापलेली असते. ती जपून वापरावी. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) योआखिमस्टाल या खाणगावात १५३४ ते १५४० मध्येच ल्यूथरच्या अनुयायांनी चर्च बांधलं होतं. डॅन्यूबकाठच्या नॉयबुर्गच्या किल्ल्यातलं चर्च १५४३ मध्ये, तोर्गाऊच्या आधी, वापरात आलं. पण त्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तिथला राजा ओटहाइनरिश अजून नव्या पंथात आला नव्हता. म्हणून तोर्गाऊबद्दल नेमकं बोलायचं तर असं म्हणावं: नव्या उपासनेचा विचार करून आखलेलं आणि ल्यूथरने स्वतः अर्पण केलेलं किल्ल्यातलं चर्च.

तसे त्याचे भागही नवे नाहीत. आत घेतलेले पुश्ते आणि फिरती गॅलरी सॅक्सनीत आधीपासून होती. हाले शहरातल्या मोरिट्झबुर्ग किल्ल्यात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं असंच चर्च आहे, आणि तो किल्ला आर्चबिशप आल्ब्रेश्टचा, म्हणजे ज्याच्या आशीर्वादाने पापमुक्तिपत्रं विकली जात होती त्याचा. ग्रोमानने जुनाच साचा घेतला, त्यातून वेदीचा वेगळा भाग आणि बाजूच्या वेद्या काढल्या आणि प्रवचनपीठ मध्यावर आणलं. एवढ्यानेच इमारतीचा अर्थ बदलला.

## पुढे काय झालं

एप्रिल १५४७ मध्ये म्यूलबेर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने योहान फ्रीडरिशला कैद केलं. इलेक्टरपद आणि तोर्गाऊ त्याचा चुलतभाऊबंद मोरिट्झकडे गेलं. पण मोरिट्झनेही ड्रेस्डेनच्या राजवाड्यात चर्च बांधलं ते तोर्गाऊच्याच धर्तीवर. ते १७३७ मध्ये मोडलं गेलं. त्याचं वळणदार फासळ्यांचं छत जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून २०१३ मध्ये पुरं झालं.

मग साखळीच सुरू झाली. श्वेरिनला १५६० ते १५६३, श्टुटगार्टला १५६२, सॅक्सनीतल्या ऑगुस्टुसबुर्गला १५७२. श्माल्काल्डनच्या विल्हेल्म्सबुर्गमध्ये (१५९०) आणखी एक पाऊल पडलं. तिथे वेदी, तिच्या वर प्रवचनपीठ आणि त्याच्या वर ऑर्गन, असं सगळं एका उभ्या रेषेत आलं. भोजन, शब्द आणि गाणं एकाच नजरेत. तिथला लाकडी नळ्यांचा ऑर्गन अजून वाजतो. डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चनने फ्रेडरिक्सबोर्गमध्ये हीच कल्पना भव्य आकारात नेली. तिथल्या कोंपेनिउस ऑर्गनच्या १००१ नळ्याही लाकडीच आहेत. श्वेरिनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात वेदीसाठी वेगळा निओगॉथिक भाग जोडला गेला. तोर्गाऊने काढून टाकलेला गाभारा तिथे परत आला, आणि आजच्या फोटोत दोन काळ एकत्र दिसतात.

## आणि गोवा?

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १५९४ ते १६०५ मधलं, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं. तिथेही प्रवचनपीठ बाजूच्या भिंतीला आहे आणि दालन एकसंध आहे, कारण जेझुइटांनाही प्रवचन ऐकू जायला हवं होतं. त्यामुळे 'बाजूला प्रवचनपीठ म्हणजे प्रोटेस्टंट' असा नियम करू नये. फरक समोर पाहिल्यावर कळतो. बॉम जेझूसमध्ये सगळ्या रेषा सोन्याने मढवलेल्या उंच वेदीकडे धावतात, तोर्गाऊत वेदी म्हणजे भोवती उभं राहता येईल असं टेबल.

ल्यूथरच्या परंपरेचा मराठी इतिहासाशी धागा जुळतो तो तंजावरला. हालेमध्ये शिकलेला ल्यूथरन मिशनरी श्वार्ट्झ हा सरफोजीराजे दुसरे यांचा गुरू, आणि तिथल्या शिवगंगा किल्ल्यातलं १७७९ सालचं चर्च त्याच्या नावाने ओळखलं जातं.

## पाहायला जाणार असाल तर

तोर्गाऊ लाइपझिगपासून ईशान्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. किल्ल्याच्या खंदकात आजही अस्वलं पाळलेली आहेत, मुलं बरोबर असली तर तिथेच वेळ जाईल. चर्चमध्ये उपासना अजून होते, म्हणून रविवारी सकाळी पर्यटक म्हणून जाणं टाळा. आत गेल्यावर आधी वेदीकडे न जाता प्रवचनपीठाखाली उभं राहा आणि तिथून चारही कोपरे पाहा. मग एखाद्या पुश्त्याच्या बाजूला जाऊन त्याची जाडी नजरेने मोजा, आणि तिथूनच वर पाहत त्याची फासळी छतात कुठवर जाते ते शोधा. जवळच्या संत मारिया चर्चमध्ये ल्यूथरची पत्नी काथारिना फॉन बोरा हिची कबर आहे. ती १५५२ मध्ये याच गावात वारली.